मुळं धुण्याआधी

३ मार्च

ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र उचलावं लागत नाही, ते दाराखालून आपलं आपण आत येतं. फाडायचं म्हटलंस तरी आधी अक्षर ओळखशील, आणि अक्षर ओळखलं की दोन ओळी वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही. तेवढ्यावर माझं भागेल.

दवाखान्यात मी नाही म्हणाले ते सगळ्यांसमोर आणि सरळ म्हणाले. राजाच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत, धाकट्या बहिणीची जुळते, असं डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तयार आहात?" मी नाही म्हटलं. मला वाटलं आता तू रडशील, आईची आठवण काढशील, मला चारचौघांत फैलावर घेशील. तू पर्समधून चष्मा काढलास, डोळ्यांवर चढवलास आणि म्हणालीस, "मग माझी तपासा." दुकानात हवा तो रंग नसला की दुसरा दाखवा म्हणतात, तसं. मग जिन्यात मला सांगितलंस, "आजपासून तुझंमाझं बोलणं नाही." आणि थोडं खाली उतरून गेल्यावर, मागे न बघता, "जेवलीस का? खाली कँटीन आहे. जेवून जा."

भांडणसुद्धा तुला कुणी उपाशीपोटी केलेलं चालत नाही. मी जेवले नाही, हे तुला सांगून टाकते.

भावोजी मला अधूनमधून कळवतात. तुझ्यासमोर फोन करायची त्यांची छाती नाही, म्हणून ऑफिसातून करतात, आणि आवाज असा दबका काढतात की मला वाटतं तुझ्याबद्दल नाही, कुठल्या तरी दरोड्याबद्दल बोलतायत. त्यांच्याकडून कळलं की तुझ्या तपासण्या झाल्या आणि तू काठावर पास झालीस. वय, वजन, किडनीचं काम, सगळंच चालवून घेण्यासारखं आहे म्हणे. शाळेत तू कायम पहिली. जन्मात पहिल्यांदा काठावर पास झालीस आणि त्याचा घरभर आनंद.

मला तुला अडवायचं आहे. हे पत्र त्यासाठी आहे आणि यानंतरचीही त्यासाठीच असतील. राजा आपला धाकटा भाऊ आहे, त्याच्यासाठी माझाही जीव तुटतो. पण तो डायलिसिसच्या मशीनवर जगतो आहे, वाईट जगतो आहे, तरी जगतो आहे. परक्याची किडनी मिळायच्या यादीत त्याचं नाव आहे. वाट बघता येते. तुला मात्र वाट बघणं म्हणजे पाप वाटतं.

तुझी,
शहाणी
(हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा बदलायचं असेल तर लिहून कळव.)


११ मार्च

ताई,

उत्तर नाही. बरं.

मी दिवसभर काय करते ते तू कधी विचारलं नाहीस. "आमची शहाणी वाटाण्याचं काहीतरी करते," एवढं तू लोकांना सांगतेस आणि लोकांना वाटतं मी सोलते. आज सांगतेच.

आपण श्वास घेतो त्या हवेत सगळ्यात जास्त असतो तो नत्र. झाडाला तो लागतो, त्याशिवाय पान हिरवं होत नाही, पण हवेतला त्याला घेता येत नाही. नत्राचे दोन कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सोडवायला फार ताकद लागते. वाटाण्यासारखी शेंगांची झाडं काय करतात, तर मुळांवर गाठी धरतात आणि त्या गाठींत जंतू पाळतात. जंतू नत्र सोडवून झाडाला देतात, झाड जंतूंना साखर देतं. शाळेच्या पुस्तकात याचं छान चित्र असतं. एक बाण इकडून तिकडे, एक तिकडून इकडे, दोघंही खूश. खर्च किती होतो ते मात्र चित्रात नसतं.

तो खर्च मोजणं हे माझं काम. झाडाचं मूळ बंद डब्यात ठेवायचं, डब्यातून हवा सोडायची आणि बाहेर येणाऱ्या हवेत मुळाचा उच्छ्वास किती आहे ते बघायचं. गाठी धापा टाकतात, ताई. एक ग्रॅम नत्र मिळवायला झाडाची पंधराएक ग्रॅम साखर जळते. पानांनी दिवसभर उन्हात उभं राहून केलेली साखर खाली जाते आणि मातीत नुसता उच्छ्वास होऊन निघून जाते.

साधं झाड हे ओळखून असतं. पहिल्या काही गाठी धरल्या की मुळं वर पानांना कळवतात, आणि पानं खाली निरोप धाडतात की आता पुरे. पुढे नव्या गाठी होत नाहीत. माझ्याकडे वाटाण्याचा एक वाण आहे, त्याच्यात हा निरोप निघतच नाही. कुणीही जंतू दाराशी आला की त्याला गाठ बांधून मिळते. मूळ धुऊन उचललं की मूळ दिसतच नाही, नुसते मणी. आमच्या संस्थेत सगळ्यांना केवढा हर्ष झाला होता. जितक्या गाठी जास्त तितका नत्र जास्त, खत नको, काही नको. वर झाडाकडे कुणी बघितलं नाही. वर ते वीतभर आणि पिवळट, शेंगा कशाबशा धरलेल्या. सगळी साखर खाली वाटून बसलेलं.

ते मूळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला तू आठवलीस. आई गेल्यावर मी आणि राजा. मग बाबांचं अंथरूण. मग तुझ्या सासूबाईंचं. मग भावोजींची नोकरी सुटली तेव्हा तू दोन शाळांत शिकवत होतीस. त्या माळेतली एक गाठ मी आहे, हे मला कुणी सांगायला नको. मी शिकावं म्हणून तू शिकणं सोडलंस. तुझ्या साखरेवर वाढलेली मी आज तुला साखर जपून वापर म्हणून सांगते आहे, तेव्हा चिडलीस तर चीड.

एक गोष्ट अजून. त्या वाणाच्या मुळावर आम्ही साध्या वाटाण्याचा शेंडा कलम करून बघितला. कोवळी रोपं, पात्याने तिरका छेद, सलाईनच्या नळीचा बारीक तुकडा चढवून जोड धरायचा आणि वरून प्लास्टिकची पिशवी. जोड लागला तर त्याच वेड्या मुळावर गाठी मोजक्याच येतात. म्हणजे पुरे म्हणणारं कुणीतरी वर असावं लागतं, मुळाला ते आपणहून कळत नाही.

आपल्याकडे आई होती. तू तुझ्या ताटातलं उचलून राजाच्या ताटात टाकायला लागलीस की आई तुझ्या ताटावर आडवा हात धरायची. "पुरे. हे तुझं आहे." तू हिरमुसायचीस. मला तो हात अजून दिसतो, बांगडी वर सरकलेली, मनगटावर पीठ. ती गेल्यापासून तुझ्या ताटावर कुणी हात धरलेला नाही. मी धरायला बघते आहे, पण तू माझ्याहून मोठी, आणि माझा हात पोचत नाही.

तुझी,
शहाणी


२८ मार्च

ताई,

तुझ्या राजाचा फोन आला होता. तुला माहीत नसणार.

आधी त्याने माझ्या वाटाण्यांची चौकशी केली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी मोठं आहे. मग म्हणाला, ताईला थांबव, माझं ती ऐकून घेत नाही. मी त्याला म्हटलं, सोपं आहे, डॉक्टरांना सांग मी घेणार नाही. मशीनचा आवाज येत होता. शेवटी म्हणाला, "मला ताईची नको आहे. पण मला मरायचंही नाही. तूच सांग मी काय म्हणू."

मी मोठी वाक्यं तयार ठेवली होती. रक्तदाबाच्या गोळ्या त्याने वर्षानुवर्षं घेतल्या नाहीत, डॉक्टरांना हसला, तुला बनवलं, हे सगळं त्याला एकदा ऐकवायचं होतं. त्या एका वाक्यानंतर माझा राग फुकट गेला. राग गेला की मग भीती उरते, आणि ती रागाइतकी कामाची नसते.

गाठ नखाने फोडून बघतो आम्ही लोक. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते. आपल्या रक्तात लाल रंगाचं जे द्रव्य असतं त्याच्याच नात्यातलं काहीतरी तिच्यात असतं. नुसती खाणारी, काही न देणारी गाठ आतून पांढरी निघते, आणि साधं झाड तिचा प्राणवायू हळूहळू तोडतं. मी मनात राजाला किती वर्षं पांढरी गाठ म्हणत आले, ते तुला सांगायची सोय नव्हती. पण फोनवर तो आपला राजाच होता. शाळेत पडला की तुझ्याकडे न जाता आधी माझ्याकडे यायचा, मी ओरडत नसे म्हणून, तोच.

भावोजींनी मला विचारलं की तुम्ही का नाही म्हणालात. मी त्यांना राजाचा बेफिकीरपणा सांगितला, माझं काम सांगितलं, एकटी राहते म्हटलं. खरं तुला सांगते. मला द्यायची नव्हती. मला माझं शरीर अख्खं हवं आहे. टेबलावर पडून, कुणीतरी आपल्याला उघडून, निरोगी असताना आतलं काढून घेणार, याची मला भीती वाटते. याहून थोर कारण माझ्याजवळ नाही. तुला अशी भीती वाटतच नाही का? की वाटते आणि तीही तू कुणाला तरी वाढून मोकळी होतेस?

तारीख ठरली असं कळलं. एप्रिलच्या शेवटी. अजून वेळ आहे, ताई.

शहाणी


१७ एप्रिल

ताई,

आज मी वेगळं सांगायला बसले आहे, तेव्हा नीट बसून वाच.

गेले काही हंगाम मी त्या वेड्या वाणाचा संकर एका उंच, दणकट वाणाशी करत होते. विचार असा की झाड मुळात भक्कम असेल तर एवढ्या गाठींचा खर्च पेलेल. यंदा पहिल्यांदा ती ओळ, म्हणजे त्या संकराची पिढी, काचेच्या घरातून बाहेर काढून मोकळ्या वाफ्यात पेरली. माळीकाकांनी वाफा पोटच्या पोरासारखा राखला. दर आळ्यात बिया टोकून रोपं वर आल्यावर त्यांनी विरळणीसुद्धा दुसऱ्या कुणाला करू दिली नाही, एकेक रोप स्वतः निवडून ठेवलं.

काल हिरव्या शेंगा तोडल्या आणि तोलल्या. ताई, शेंगा भरल्या आहेत. झाडं माझ्या छातीपर्यंत, पानं काळीशार, आणि वजन साध्या वाटाण्याच्या तोडीस तोड. मी काटा पुसून पुन्हा तोललं. आमचे साहेब, जे माझ्या वाणाला "बाईंचा कुपोषित वाटाणा" म्हणतात, ते वाफ्यावर आले आणि माझा हात हातात घेऊन नुसते उभे राहिले. माळीकाका लाजून नळी गुंडाळायला लागले.

म्हणजे पेलतं. एवढं देऊनही झाड उभं राहतं, शेंगा धरतं, पिवळं पडत नाही. इतके दिवस मी तुला घाबरवत आले की अशा झाडाचं पुढे काय होतं, आणि माझ्याच वाफ्यात ते छातीइतकं उंच झालं.

वाटाण्यावरून बहिणीचं ठरवायचं नसतं, एवढी अक्कल मला आहे. पण मला कुठलंतरी कारण हवं होतं. तुझ्याशी भांडून मी थकले आहे. रोज उठून आपली बहीण मरेल असं तिलाच पटवत बसायचं, हे किती दिवस करायचं माणसाने? मला पुन्हा तुझ्या बाजूला उभं राहायचं आहे. तू दणकट आहेस, मी कायम म्हणत आले. जा, दे त्याला. मी वाटेतून बाजूला होते.

ऑपरेशनला मी येणार. तू बोलू नकोस, मी कोपऱ्यात बसेन. झाडांची मुळं अजून जमिनीतच आहेत, ती परत आल्यावर काढून धुईन.

तुझी,
शहाणी


२७ एप्रिल

ताई,

तू अजून औषधाच्या गुंगीत असशील. हे शुद्धीवर आलीस की वाचायला.

तुला आत नेत होते तेव्हा मी दाराशी होते. हिरवी टोपी घातलेली, चष्मा काढलेला. चष्म्याशिवाय तुला काही दिसत नाही, तरी मला तू ओळखलंस, आणि इतक्या दिवसांनंतर माझ्याशी बोललीस. "जेवलीस का?" मी हो म्हटलं. थाप मारली. त्यांनी स्ट्रेचर ढकललं आणि दार मिटलं.

राजाला नवी किडनी बसवली आणि ती टेबलावरच काम करायला लागली, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. लघवी झाली म्हणून कुणाला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. भावोजी स्वतःच्या लग्नात हसले नव्हते, ते वॉर्डबॉयच्या गळ्यात पडले आणि मग वॉर्डबॉयला काही सुचेना म्हणून तोही यांची पाठ थोपटत राहिला. मी हसले, रडले, दोन्ही केलं. माझं पत्र तू नर्सला वाचून दाखवलंस, "ही आमची शहाणी, अखेर वळणावर आली" म्हणालीस, हे मला भावोजींनी तेव्हाच सांगितलं.

माझी रजा संपली, निघावं लागलं. तू झोपली होतीस. पायावरचं पांघरूण सरकलं होतं ते मी नीट केलं. पाय गार होते.

शहाणी


४ मे

ताई,

हे पत्र भावोजींच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुला द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

परत आल्यावर मी मुळं काढली. वाफ्यात आधी पाणी सोडून माती मऊ करायची, मग खालून खुरपं घालून अलगद उचलायचं आणि चाळणीवर धरून बारीक धारेखाली धुवायचं. हे काम मला आवडतं, दुसऱ्या कुणाला देत नाही. माती जाते आणि हळूहळू मणी दिसायला लागतात.

मणी दिसले नाहीत. इकडे एक गाठ, तिकडे दोन, चारचौघांसारखं साधं मूळ. मला वाटलं वाफ्यावर लावलेली नावाची चिठ्ठी चुकली. पुढचं काढलं, तेही तसंच. अख्खी ओळ काढली. कुठेतरी एखादं मण्यांनी भरलेलं मूळ निघालं, आणि त्याच्यावरचं झाड बघितलं तर तेच वीतभर, पिवळट, शेजारच्याच्या सावलीत लपलेलं. बाकी सगळी साधी.

मी माळीकाकांकडे गेले. ते म्हणाले, "आळ्यात तीन-चार रोपं होती, बाई. मरतुकडी उपटली, जोमदार ठेवलं. तुम्हीच नाही का म्हणालात, जोमदार ठेवा म्हणून." म्हणाले होते. विरळणीला सगळे हेच म्हणतात, जगात कुठेही जा. माझी ओळ अजून शुद्ध झालेली नव्हती, तिच्यात साधी रोपंही निघत होती, हे मला माहीत होतं, माझ्याइतकं कुणालाच नव्हतं. साधं रोप लवकर वाढतं. वेडं मागे राहतं, कारण ते पहिल्या दिवसापासून खाली वाटत असतं. आम्ही जी झाडं पेलतात का ते बघायला पेरली, नेमकी तीच मरतुकडी म्हणून उपटून खतखड्ड्यात टाकली. उभी राहिली ती पुरे म्हणता येणारी, आणि त्यांच्या शेंगा तोलून मी तुला पत्र टाकलं.

मुळं धुण्याआधी टाकलं. आमच्या कामात ही चूक करणाऱ्याला हसतात.

माझ्या पत्रावरून तू टेबलावर गेली नाहीस. मी काहीही लिहिलं असतं तरी गेली असतीस. एवढं मला कळतं, मला समजूत घालायला कुणी नको. पण मी तुझ्या ताटावर हात धरला होता, लांबून का होईना, आणि ऐन वेळी काढून घेतला. हसत काढून घेतला, ताई. आता मला काम करवत नाही. बंद डब्यातली मुळं दिवसभर उसासे टाकतात आणि मी आकडा न उतरवता नुसती बसून राहते.

शहाणी


२१ जून

ताई,

भावोजींनी सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी आवाज दबका ठेवला नाही.

राजाच्या शरीराने तुझी किडनी नाकारली. मला त्याची चूक हवी होती. मी खोदून खोदून विचारलं, गोळ्या चुकवल्या का, बाहेरचं खाल्लं का, कुठे गेला का. काही नाही. प्रत्येक गोळी घड्याळ लावून घेतली, तोंडाला फडकं बांधून घरात बसला, हात धुऊन धुऊन कातडी सोलली. शरीराला कधीकधी पटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. कुणालाही दोष देता येत नाही. इतकं काढून दिलंस आणि ते गुलाबी असूनही पांढरं ठरलं. काढून टाकलं म्हणे.

आणि तू. तुझे पाय सुजतात, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. जिना चढताना मध्ये बसतेस. उरलेल्या एकट्या किडनीला झेपत नाही, जपायला हवं, असं तुला सांगितलं आहे आणि तू जपत नाहीस. राजाचा डबा घेऊन तूच जातेस. भावोजी म्हणाले, "मी अडवलं तर माझ्याशीही बोलणं बंद करेल." भावोजींना तुझ्याशी बोलणं बंद झालेलं चालणार नाही. माझं बंदच आहे, तरी माझ्यानेही काही झालं नाही.

आमच्याकडे माझं काम बंद केलं. साहेब वाईट बोलले नाहीत. त्या वाणाचं बी थंड खोलीत ठेवून देऊ म्हणाले, कधीतरी कुणाला लागेल. काचेच्या घरात एक शेवटचं रोप होतं, त्याच्यावर मी साध्या वाटाण्याचा शेंडा बांधला. कशासाठी ते विचारू नकोस, आकडा नको होता मला. माझा हात चांगला आहे, माझे जोड सहसा फुकट जात नाहीत. हा लागला नाही. पिशवी काढली तर शेंडा वाळलेला. कुंडी उपडी केली तर खाली मुळाने आणखी गाठी धरलेल्या, वर काही नसताना.

ताई, मला फोन कर. बोलू नकोस, नुसता धरून ठेव.

शहाणी


९ जुलै

ताई,

तुझं पत्र आलं. अक्षर बघून मी दारातच बसले. इतक्या महिन्यांनी तुझं अक्षर, जरा थरथरलेलं. पाकीट फाडायला मन होईना, मग कडेने पात्याने उघडलं, रोपाला छेद देतात तसं. आत औषधाच्या चिठ्ठीची मागची कोरी बाजू आणि तिच्यावर तू लिहिलेलं:

"राजा पुन्हा मशीनवर आहे. त्याला आता सोसत नाही. तुझ्या अजून दोन्ही आहेत ना?"

कागद मी उलटा करून पाहिला, पाकिटात बोट घालून पाहिलं. आणखी काही नव्हतं. तुझे पाय कसे आहेत, झोप लागते का, माझा राग गेला की नाही. तुझ्या पत्रात तू कुठेच नाहीस.

दोन्ही आहेत, ताई. आणि माझं उत्तर "नाही" असंच आहे. राजाला नाही म्हणणं मला जमलं होतं, डॉक्टरांना तर सहज जमलं होतं. हे तुला म्हणते आहे, आणि हे वाचल्यावर तू मला पुन्हा लिहिणार नाहीस हे माहीत असून म्हणते आहे. भीती अजून तीच आहे, तिच्यात काही थोर मिसळलेलं नाही. तुझं ताट रिकामं झालं, तेव्हा तू माझ्या ताटाकडे हात केलास, आणि तोही स्वतःसाठी नाही. मी माझ्या ताटावर आडवा हात धरला आहे. आई तो दुसऱ्याच्या ताटावर धरायची. माझा स्वतःच्याच ताटावर आहे.

राजाला सांग मी नाही म्हणाले. तू सांगितलं नाहीस तर मी फोन करून सांगेन. त्याला कळेल. मला वाटतं सुटल्यासारखंही होईल आणि मेल्यासारखंही होईल, दोन्ही एकदम. त्या दोन्हींचं मी काय करू ते मला माहीत नाही. मी रोज इकडे येते, काचेच्या घरात रिकाम्या कुंड्या धुते आणि पालथ्या घालते. ज्या कामाला माझी आता गरज नाही ते करते.

एकच सांगायचं राहिलं. जिन्यात माझ्याशी बोलणं तोडलंस तेव्हा तू विचारलं होतंस. स्ट्रेचरवर, चष्मा नसताना विचारलं होतंस. तुझ्या चिठ्ठीत मी तेच शोधत होते, आणि ते नव्हतं. विसरली नसशील. तेवढंही आता तुझ्यात उरलं नसेल.

मी अजून जेवले नाही, ताई. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

शहाणी